आधी दहा मिनिटं, मग दहा दिवस

अमेरिकेतल्या अटलांटा शहरात, एमरी विद्यापीठात, १४ जणांना एकेक करून एमआरआय यंत्रात झोपवण्यात आलं. प्रत्येकाच्या हाताशी एक बटण होतं. लक्ष श्वासावर ठेवायचं, मन दुसरीकडे गेल्याचं ज्या क्षणी कळेल त्या क्षणी बटण दाबायचं आणि पुन्हा श्वासाकडे यायचं, एवढंच त्यांना सांगितलं होतं. हे १४ जण नवखे नव्हते, ध्यानाचा सराव असलेले साधक होते. तरीही बटणं दाबली जात राहिली. मन निसटत होतं, निसटल्याचं कळत होतं, परत येत होतं, पुन्हा निसटत होतं. वेंडी हासेनकॅम्प आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली या प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. ध्यानाला बसलेल्या माणसाच्या डोक्यात नेमकं काय घडतं हे समजून घ्यायला यापेक्षा सोपी वाट नाही.

बटण दाबण्याआधीचे आणि नंतरचे काही सेकंद संशोधकांनी वेगळे काढून तपासले. मन भटकत असताना मेंदूतल्या एका विशिष्ट जाळ्याचं काम चाललेलं असतं. माणूस काहीच करत नसतो तेव्हाच हे जाळं जास्त सक्रिय असतं, हे सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातले मार्कस रेकल यांनी २००१ मध्ये मांडलं होतं. काल कुणी काय बोललं, उद्याचा हप्ता कसा भरायचा, तेव्हा आपण काय उत्तर द्यायला हवं होतं, हा सगळा कारभार इथला. भटकल्याचं भान येतं त्या क्षणी दुसरं जाळं कामाला लागतं. आत्ता दखल घेण्याजोगं काय आहे, हे हेरणं त्याच्याकडे. मग लक्ष वळवणारे भाग पुढे येतात, आणि श्वासावर लक्ष टिकून असतं तेवढा वेळ कपाळामागचा एक भाग ते धरून ठेवतो. भटकणं, भान येणं, वळणं, टिकणं आणि पुन्हा भटकणं. एका बैठकीत हे चक्र कितीतरी वेळा फिरतं.

या चारांपैकी ध्यान कोणतं, असा प्रश्न विचारला तर बहुतेक जण शेवटच्या टप्प्याकडे, लक्ष टिकण्याकडे बोट दाखवतील. खरं तर चारही टप्पे मिळून ध्यान होतं, आणि त्यातही भान येऊन वळण्याचा जो क्षण आहे, तिथे सगळ्यात जास्त कष्ट पडतात आणि सगळ्यात जास्त कमाई होते. गाणं शिकणारी मुलगी पहाटे तंबोरा घेऊन षड्ज लावते, सूर हलतो, तिला ते ऐकू येतं आणि ती पुन्हा षड्जावर येते. सूर हलला म्हणून रियाज वाया गेला असं कुणी म्हणत नाही. हलल्याचं ऐकू येणं हाच तर रियाज असतो.

हे सांगायची गरज यासाठी, की आपल्याकडे असंख्य माणसं ध्यान करून पाहतात आणि चार दिवसांत सोडून देतात. कारण विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: ‘मला नाही जमत. डोळे मिटले की गॅस बंद केला का, तेच आठवतं.’ ध्यान म्हणजे मन कोरं करणं, विचार थांबवणं, असं कुणीतरी त्यांच्या डोक्यात भरवलेलं असतं. दूरचित्रवाणीवरच्या पौराणिक मालिकांत दिसणारे निश्चल ऋषी, मोठमोठ्या फलकांवरचे शांत चेहरे, यांनी हा गैरसमज आणखी पक्का केला आहे. ज्यांना जमलं नाही असं वाटतं, त्यांना बहुतेक वेळा जमलेलंच असतं. गॅसची आठवण आली हे त्यांना कळलं होतं. फक्त तिथून परत यायचं, हे कुणी सांगितलं नव्हतं.

आपल्या परंपरेत ही समज होती. गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुन मनाच्या चंचलपणाची तक्रार करतो तेव्हा कृष्ण ती नाकारत नाही, आधी मान्य करतो आणि मग अभ्यासाचा उपाय सांगतो. ज्ञानेश्वरीत याच अध्यायाला मोठा विस्तार मिळाला आहे. पतंजलींच्या आठ अंगांमध्येही ध्यान सातवं येतं. त्याच्या आधी धारणा, म्हणजे चित्त एका ठिकाणी लावण्याचा सराव. नवख्या माणसाने पहिल्याच आठवड्यात सातव्या पायरीची अपेक्षा धरायची आणि ती मिळाली नाही म्हणून खट्टू व्हायचं, हा स्वतःवर अन्याय आहे.

आता श्वासच का? देव, दिवा, मंत्र, पावलं, आवाज, काहीही चालतं. पण श्वासाची एक सोय अशी, की तो आपोआप चालतो आणि मनात आलं तर आपल्याला बदलताही येतो. शरीराच्या आपोआप चालणाऱ्या यंत्रणेत हात घालायला इतकी सहज जागा दुसरी नाही. श्वास आत घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात, सोडताना किंचित मंदावतात. मेंदूपासून छाती-पोटापर्यंत उतरणाऱ्या व्हेगस या मज्जातंतूचा त्यात मोठा वाटा असतो. उच्छ्वास लांबला की या तंतूचा अंमल वाढतो आणि शरीर धावपळीच्या पवित्र्यातून विश्रांतीकडे झुकतं.

इटलीतल्या पाविया इथले डॉ. लुचियानो बर्नार्डी यांचा २००१ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आलेला अभ्यास मराठी वाचकाने मुद्दाम लक्षात ठेवावा असा आहे. त्यांनी २३ निरोगी माणसांना एकदा लॅटिनमधली जपमाळेची ख्रिस्ती प्रार्थना आणि एकदा ‘ओम मणि पद्मे हुम’ हा मंत्र म्हणायला लावला. दोन्ही वेळा त्यांचा श्वास मिनिटाला सुमारे सहावर आला आणि हृदयाचे ठोके व रक्तदाब यांची लय त्याच्याशी जुळली. एरवी प्रौढ माणूस मिनिटाला बारा ते वीस वेळा श्वास घेतो. दोन धर्म, दोन भाषा, पण म्हणण्याची लय शरीराला एकाच जागी घेऊन गेली. ज्या घरांत तिन्हीसांजेला हरिपाठ म्हटला जातो, तिथे ओळ एका दमात पुरी करायची तर उच्छ्वास आपोआप लांबतो. आजी रोज हातात माळ घेऊन बसत असेल तर त्या घराला ध्यान पूर्णपणे परकं नाही. नातवाने ॲप उतरवून घेण्याआधी तिच्या शेजारी बसून पाहावं.

या विषयाची प्रयोगशाळेतली तपासणी पाश्चात्त्यांनी सुरू केली अशी समजूत आहे, तीही दुरुस्त करायला हवी. लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये कैवल्यधामची स्थापना केली, त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक काढलं आणि योगक्रियांचे परिणाम क्ष-किरणांनी व दाबमापकांनी मोजायला सुरुवात केली. दिल्लीच्या एम्समध्ये बी. के. आनंद, जी. एस. छिना आणि बलदेव सिंग यांनी योग्यांच्या मेंदूतल्या विद्युतलहरी नोंदवल्या. १९६१ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ध्यानात बसलेल्या योग्यांसमोर प्रखर प्रकाश आणला, मोठे आवाज केले, तरी त्यांच्या मेंदूतल्या संथ अल्फा लहरी मोडल्या नाहीत. ध्यानावरच्या संशोधनासाठी हार्वर्डच्या हर्बर्ट बेन्सन यांचं नाव जगभर गाजलं ते त्यानंतर दशकभराने.

दुसरा धागा ब्रह्मदेशातून येतो. मंडालेत १९२४ साली जन्मलेले व्यापारी सत्यनारायण गोयंका यांना तीव्र अर्धशिशीचा त्रास होता आणि त्यासाठी मॉर्फिन घ्यावं लागे. ते रंगूनला सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले. ऊ बा खिन सरकारी खात्यात मोठे लेखाधिकारी होते आणि विपश्यना ही ध्यानपद्धती शिकवत. निव्वळ डोकेदुखी घालवायला येणार असाल तर नको, असं त्यांनी सुरुवातीला गोयंकांना सांगितलं. चौदा वर्षांच्या साधनेनंतर गोयंका १९६९ मध्ये भारतात आले, पहिलं शिबिर मुंबईत घेतलं, आणि १९७६ पासून इगतपुरीचं धम्मगिरी केंद्र सुरू झालं. त्याच परंपरेतली शरीरावरून क्रमाने लक्ष फिरवण्याची पद्धत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये रुग्णांसाठी बेतली. दीर्घकाळ दुखणं सोसणारे, औषधांनी पुरेसा उतार न पडलेले लोक त्यांच्याकडे येत. आज जगभरच्या रुग्णालयांत चालणारा आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम तिथला.

मग फायदा किती? इथे उत्साही मंडळींनी जरा दमाने घ्यावं. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये ४७ चाचण्या आणि ३,५१५ सहभागी एकत्र करून पाहिले. चिंता, नैराश्य आणि वेदना यांत माफक सुधारणा दिसली. व्यायाम किंवा औषधं यांच्यापेक्षा ध्यान सरस ठरल्याचा पुरावा मिळाला नाही. चिंताविकाराच्या २७६ रुग्णांवरची २०२२ ची अमेरिकी चाचणी आशादायक होती. आठ आठवड्यांचा ध्यानाचा अभ्यासक्रम आणि एसिटालोप्राम हे नेहमीचं औषध, दोन्हींनी जवळपास सारखाच उतार पडला. पण त्या रुग्णांना प्रशिक्षित शिक्षक होता, दर आठवड्याला अडीच तासांचा वर्ग होता आणि घरी रोज पाऊण तासाचा सराव होता. ते वाचून कुणी स्वतःच्या गोळ्या बंद करू नयेत. आणि ‘आठ आठवड्यांत मेंदूची रचना बदलते’ हे जे वाक्य समाजमाध्यमांवर फिरतं, त्याचा आधार असलेल्या २०११ च्या अभ्यासात ध्यान करणारे फक्त १६ जण होते. विस्कॉन्सिन विद्यापीठाने २०२२ मध्ये २१८ जणांवर तोच दावा तपासला, तेव्हा रचनेत असा बदल आढळला नाही.

माफक सुधारणा म्हणजे काहीच नाही असं नव्हे. फुकट मिळणारी, स्वतःच्या घरात करता येणारी, कुणावर अवलंबून न ठेवणारी गोष्ट रात्रीची घालमेल थोडी कमी करत असेल, मुलावर ओरडण्याआधी दोन क्षणांचं अंतर देत असेल, तर सामान्य माणसासाठी ते मोठं आहे. फुगवलेले दावे मात्र त्याच माणसाचं नुकसान करतात. मेंदू बदलण्याच्या आशेने बसलेला माणूस पंधराव्या दिवशी उठून जातो.

न्यूयॉर्क विद्यापीठात झालेला आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास नवख्यांसाठी फार मोलाचा आहे. ध्यानाचा अनुभव नसलेल्या लोकांच्या एका गटाने रोज १३ मिनिटं ध्वनिफितीच्या मदतीने ध्यान केलं, दुसऱ्या गटाने तेवढाच वेळ पॉडकास्ट ऐकलं. चार आठवड्यांनी फरक दिसला नाही. आठ आठवड्यांनी मात्र ध्यान करणाऱ्यांची मनःस्थिती, लक्ष आणि स्मरणशक्ती यांत सुधारणा दिसली. म्हणजे वेळ थोडा लागतो, पण दिवस बरेच लागतात. पहिला महिना काहीच वाटलं नाही तर ते अपेक्षितच आहे.

सुरुवात अशी करावी. दिवसातली ठरलेली, आधीपासून होत असलेली एखादी गोष्ट निवडावी: सकाळचा चहा उकळायला ठेवण्याआधी, आंघोळीनंतर, किंवा दुकान उघडून पहिलं गिऱ्हाईक येईपर्यंत. तिला ही दहा मिनिटं जोडून टाकावीत. वेगळी वेळ काढू म्हणणाऱ्याला ती मिळत नाही. मांडी घालता येत असेल तर सतरंजीवर दुमडलेली घोंगडी घेऊन बसावं, म्हणजे कंबर गुडघ्यांपेक्षा जरा वर राहते आणि पाठ आपोआप सरळ होते. गुडघे कुरकुरत असतील तर खुर्ची उत्तम. पाय जमिनीला टेकलेले, पाठ न टेकलेली. गजर दहा मिनिटांचा लावावा, फोनचे बाकीचे आवाज बंद करावेत आणि तो हाताला लागणार नाही इतका लांब ठेवावा. अगरबत्ती, संगीत, खास कपडे, महागडं आसन यातलं काही लागत नाही.

डोळे मिटावेत. नाकपुड्यांच्या कडेला, वरच्या ओठाच्या वर, हवेचा स्पर्श जाणवतो का ते पाहावं. आत जाणारी हवा किंचित गार, बाहेर येणारी किंचित कोमट. श्वास लांबवायचा नाही, रोखायचा नाही, जसा आहे तसा असू द्यायचा. काही क्षणांतच मन निघून जाईल. कधी ते अर्ध्या मिनिटाने कळेल, कधी पाच मिनिटांनी. कळलं की चिडायचं नाही, ‘पुन्हा गेलंच’ म्हणून कपाळावर हात मारायचा नाही. गेलं होतं एवढं नोंदवायचं आणि पुढच्या श्वासावर यायचं. हीच कृती दहा मिनिटांत जितक्या वेळा होईल तितक्या वेळा.

झोप येत असेल तर डोळे अर्धवट उघडावेत किंवा उभं राहावं. खाज, मुंग्या, पाय अवघडणं हे सगळ्यांनाच होतं. थोडा वेळ नुसतं पाहावं, फारच झालं तर सावकाश हालचाल करावी. घर दोन खोल्यांचं असेल, बाहेर टीव्ही चालू असेल, तर त्या आवाजालाच लक्षाचं ठिकाण करावं. दमा असलेल्यांना किंवा ज्यांना एकदम घाबरं होतं अशांना श्वासाकडे पाहून अस्वस्थता वाढू शकते. त्यांनी तळपायांचा जमिनीला होणारा स्पर्श घ्यावा, किंवा गच्चीत संथ पावलं टाकत प्रत्येक पावलाकडे लक्ष द्यावं. आणि बैठक ‘चांगली झाली’ की ‘वाईट’ याचा हिशेब ठेवू नये. बसलो की नाही, एवढाच ठेवावा.

इथे एका मराठी सवयीबद्दल बोलणं भाग आहे. ध्यान करायचं मनात आलं की पहिला सल्ला मिळतो तो इगतपुरीचा. धम्मगिरीचं शिबिर दहा दिवसांचं. पहाटे चारला घंटा, साडेचारला पहिली बैठक, दिवसाकाठी दहा तासांच्या आसपास साधना, नऊ दिवस संपूर्ण मौन, फोन आणि वही-पेनसुद्धा जमा. शुल्क नाही, आधीच्या साधकांच्या दानावर सगळं चालतं, आणि त्या व्यवस्थेतली शिस्त व प्रामाणिकपणा आदर वाटावा असाच आहे. पहिले साडेतीन दिवस तिथेही फक्त श्वास पाहायला शिकवतात. कितीतरी माणसांचं आयुष्य त्या दहा दिवसांनी सावरलं आहे. पण ज्याने घरात दहा मिनिटंही स्वतःसोबत काढली नाहीत, त्याने थेट रोजच्या दहा तासांत उडी घ्यावी, हा सल्ला चुकीचा आहे. काही जण तिसऱ्या-चौथ्या दिवशी घरी जायच्या परवानगीसाठी आचार्यांपुढे उभे राहतात. बरेच जण शिबिर निष्ठेने पूर्ण करतात, पण घरी आल्यावर सकाळ-संध्याकाळ एकेक तास बसण्याचं मार्गदर्शन नोकरी, मुलं आणि लोकलच्या प्रवासात टिकत नाही, आणि मग सगळंच सुटतं. आधी घरच्या दहा मिनिटांचे दोन-तीन महिने व्हावेत. मग शिबिराला जाणाऱ्याला तिथे काय करायचं आहे हे माहीत असतं, आणि परत आल्यावर तिथली साधना जोडायला एक जागा घरात तयार असते.

यामागे सुरक्षिततेचाही प्रश्न आहे, आणि त्यावर आपल्याकडे फार कमी बोललं जातं. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात ८३ अभ्यास तपासले गेले. ध्यानाच्या संदर्भात काही ना काही त्रास झालेल्यांचं प्रमाण सुमारे आठ टक्के निघालं. चिंता वाढणं आणि खिन्नता हे त्यातले मुख्य. मानसोपचारांमध्येही साधारण इतक्याच लोकांना असा त्रास होतो, त्यामुळे घाबरून जायचं कारण नाही. पण ज्यांना पूर्वी तीव्र नैराश्य, उन्माद, भास होणं असे आजार झाले आहेत, किंवा एखाद्या आघाताच्या आठवणी अजून ओल्या आहेत, त्यांनी दीर्घ मौनाच्या शिबिराआधी आपल्या डॉक्टरांशी बोलावंच. विपश्यना केंद्रांच्या अर्जात मानसिक आजाराची माहिती विचारलेली असते. ती लपवून प्रवेश घेणं धोक्याचं आहे. बसल्यावर अस्वस्थता दिवसेंदिवस वाढत गेली तर थांबायला हवं, नेट लावून पुढे जायला नव्हे. सरकारची टेली-मानस ही विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध आहे.

याच कारणासाठी ध्यान कुणावर लादण्याला विरोध व्हायला हवा. बारा-बारा तास राबवून घेणाऱ्या कंपनीने शुक्रवारी दुपारी ध्यानाचं सत्र ठेवलं म्हणून कामाचा बोजा कमी होत नाही. कर्मचाऱ्याला आधी वेळेत घरी जाऊ द्यावं.

शाळांचं तर अधिक नाजूक आहे. महाराष्ट्रात शालेय शिक्षण विभाग आणि विपश्यना विशोधन विन्यास यांच्या ‘मित्र’ उपक्रमातून मुलांना आनापान, म्हणजे श्वासाकडे पाहणं, शिकवलं जातं. हेतू चांगला आहे आणि पद्धत सौम्य आहे. पण ब्रिटनमध्ये ८५ शाळांतल्या आठ हजारांहून अधिक मुलांवर अशाच स्वरूपाचा कार्यक्रम काटेकोरपणे तपासला गेला आणि २०२२ मध्ये निकाल आले, तेव्हा नेहमीच्या जीवनकौशल्यांच्या तासांपेक्षा त्याचा जास्त उपयोग झालेला दिसला नाही. बहुतेक मुलांनी घरी सराव केलाच नव्हता. शिक्षकांचा मानसिक थकवा मात्र काही काळ तरी कमी झाला. आपल्याकडे त्यातून घेण्यासारखं बरंच आहे. आधी शिक्षकांना आठ आठवडे शांतपणे शिकू द्यावं, त्यासाठी त्यांच्या डोक्यावरचं एखादं अशैक्षणिक काम काढून घ्यावं, ज्या मुलाला डोळे मिटून बसायचं नाही त्याला चित्र काढत बसण्याची मोकळीक द्यावी, आणि ज्या शाळांत हे चालतं व ज्यांत चालत नाही त्यांची तुलना करून आकडे दरवर्षी पालकांसमोर ठेवावेत.